गवताचा डाग

मित्रांनो, मी एक जुने निशाण आहे. परवा मला साबणाच्या बादलीत बुडवायचे ठरले होते. मला तोंड असते तर सगळ्यांना चांगले खडसावले असते! माझ्या एका कोपऱ्यावर गवताचा हिरवा डाग आहे. तो गेला तर माझ्यात उरते काय? दोन हात पांढरे कापड.

मी पोलोच्या एका मोठ्या स्पर्धेतले गोलाचे निशाण. खेळ सोपा आहे. चार-चार घोडेस्वार लांब काठीने चेंडू मारत पळतात. चेंडू दोन खांबांमधून गेला, की खांबामागचा माणूस मला डोक्यावर फडकवतो. बाहेरून गेला, तर गुडघ्याखाली हलवतो. मी वर गेले तरच गोल. प्रेक्षकांनी कितीही बोंब मारली तरी माझ्यावाचून गोल होत नाही.

आज त्या स्पर्धेला दूरदूरहून घोडे येतात, पण पहिल्या वर्षी तिच्याकडे साधा चषकही नव्हता. सांगितलेला चषक वेळेवर आला नाही, म्हणून जिंकणाऱ्यांना क्लबच्या भोजनगृहातला दुधाचा जग दिला. त्याच भोजनगृहातल्या फाटक्या टेबलक्लॉथमधून मला शिवले. पुढे त्या दुधाच्या जगावर चांदी चढली आणि तो चषक म्हणून मिरवू लागला. मी मात्र होते तसेच राहिले. कोपऱ्यातला चहाचा डाग तेवढा शिवणीत दुमडून टाकला होता.

मला शिवले खोगीरवाल्याच्या बायकोने. खोगीरवाला क्लबच्याच एका खोलीत राही, वर्षभर क्लबची खोगिरे दुरुस्त करी आणि सामन्याला मला घेऊन खांबामागे उभा राही. तो होता तिरळा. लोक टिंगल करत, "तिरळ्याला गोल काय दिसणार?"

"एक डोळा चेंडूवर, एक खांबावर," तो म्हणे. "तुम्हाला जमतं का बघा!"

सामना संपला की त्याची बायको मला धुऊन, इस्त्री करून ठेवी. तेव्हा मला धुण्याचे वावडे नव्हते.

वीस वर्षे अशी गेली. मग ते वर्ष आले. सलग तीनदा जिंकेल त्याच्या घरी चषक कायमचा जाणार, असा नियम होता. क्लबच्या अध्यक्षसाहेबांचा संघ दोनदा जिंकला होता. तिसऱ्यांदा जिंकला असता, तर स्पर्धा त्यांच्या दिवाणखान्यातच संपली असती. अंतिम सामना बरोबरीत होता आणि एकच मिनिट उरले होते. साहेबांनी चेंडू मारला. तो उजव्या खांबाच्या बाहेरून गेला, वीतभर बाहेरून. मी अगदी जवळ होते, मी सांगते ते ऐका.

खोगीरवाल्याने मला खाली हलवले. साहेब घोडी घेऊन थेट आमच्यावर आले.

"वर कर ते!"

"बाहेर गेला साहेब."

"खोली कुणाची आहे, विसरलास? वर कर, नाहीतर उद्या सामान रस्त्यावर दिसेल!"

मैदानातले पंच म्हणजे साहेबांचे जावई. त्यांना नेमके तेव्हाच आपल्या घोड्याचा लगाम तपासायचे सुचले. खोगीरवाल्याने दोरीपलीकडे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिले.

"अहो, खालीच ठेवा," ती म्हणाली. "सामान आहेच किती आपलं? दोन फेऱ्यांत होईल."

त्याने मला जमिनीवर टेकवले आणि वरून गुडघा दाबून बसला. हिरवा डाग पडला तो तेव्हा. मित्रांनो, इतके वर फडकले आयुष्यात, पण त्या गुडघ्याखाली जितकी ताठ होते तितकी कधीच नव्हते.

साहेबांनी गोल झाल्याच्या थाटात घोडी मैदानाच्या मध्याकडे वळवली. गोल झाला की खेळ मध्यापासून सुरू होतो. पण घोडी हलेना. दहा वर्षे खेळलेली ती, निशाण वर दिसले की आपणहून मध्याकडे जायची. आज निशाण खाली होते. साहेबांनी टाच मारली, लगाम ओढला. घोडी चार पाय रोवून उभी. आधी घोडे सांभाळणारा एक मोतद्दार हसला, मग सगळे मैदान हसले. घोडीला कळते ते साहेबांना कळेना! शेवटी जावयांना शिट्टी वाजवावीच लागली. साहेबांचा गोल धरला गेला नाही आणि जादा डावात त्यांचा संघ हरला.

खोगीरवाल्याला आठवड्यात खोली सोडावी लागली. मला तबेल्यातल्या पेटीत कोंबले आणि माझ्या जागी रेशमी निशाण आले. वर्षे उलटली. चषकाला काचेचे कपाट मिळाले आणि मला उंदीर. खुशाल मिळोत! पण यंदा पंचाहत्तरावे वर्ष म्हणून स्पर्धेचा इतिहास छापायला घेतला. त्यात काय लिहिले? 'त्या वर्षी निशाणवाल्याच्या चुकीमुळे अध्यक्षांचा विजय हुकला.' चूक? माझ्या देखत?

परवा सचिवांनी पेटी उघडली. "धुऊन काचेत लावू," ते म्हणाले. जवळच क्लबची नवी खोगीरवाली खोगीर शिवत होती. ती उठली. तिने माझा कोपरा चाचपला, शिवण थोडी उसवली आणि आतला चहाचा डाग पाहिला.

"हे आजीनं शिवलंय," ती म्हणाली. "आजोबा सांगायचे ते निशाण हेच. धुवायचं नाही. आणि पुस्तकातली ती ओळ बदलल्याशिवाय मी एका खोगिराला टाका घालणार नाही."

सामना दोन दिवसांवर आलेला, आणि खोगिरे बत्तीस! ओळ बदलली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा म्हणतात. जपा, पण घासून कोऱ्या करू नका. आमचे डाग पुसाल, तर तुम्हाला खरे सांगायला कोण उरेल?

आज अंतिम सामना आहे. खांबामागे उभी आहे ती नात. सचिव मघाशी रेशमी निशाण घेऊन धावत आले होते.

"अगं, हे नवीन घे. ते जुनं कशाला?"

"नवीन छानच आहे," ती म्हणाली आणि माझी काठी घट्ट धरली. "पण याला खाली राहता येतं."