जुन्याच मापाने शिवा

मी टेप बोलतेय. गाणी वाजवणारी नव्हे, माप घेणारी. कारखान्यात माझ्या अंगावर साठ इंच छापले आणि तिथून मी थेट टेलरकाकूंच्या गळ्यात पडले, ती वीस वर्षं तिथेच आहे.

गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या कमरा मला ठाऊक. काकू माप घेत, मोठ्याने एक आकडा सांगत आणि वहीत दुसरा लिहीत. सांगितलेला नेहमी इंचभर कमी. कपडा अंगाला बसायचा, बाई खुशीत घरी जायची. याला माणसं विश्वास म्हणतात.

मग साथ आली. पहिल्याच आठवड्यात मी अस्पृश्य झाले. बायका दारातूनच कापड पुढे करून सांगू लागल्या, "काकू, जुन्याच मापाने शिवा." घरात बसून सगळ्यांची अंगं सुटत होती, ते वहीला कुठून कळणार? कपडे घट्ट झाले आणि खापर फुटलं माझ्या माथी. काकू मला रोज साबणाच्या पाण्यात बुडवून काढायच्या. माझे सात-आठ आकडे पुसट झाले, लोकांची शंका मात्र तशीच राहिली.

समोरच्या वहिनींनी तर फोनवरून तयार कपडे मागवायला सुरुवात केली. ते कुणी कापले, कुणी त्यांची घडी घातली, किती हातांतून आले, देव जाणे. वहिनी खोक्यावर दोनदा फवारा मारत आणि निर्धास्त होत. ओळखीच्या हातांपेक्षा न दिसणारे हात स्वच्छ कसे, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

अशात एका दुपारी कोपऱ्यावर भाड्याने राहणारी नर्स आली. लोक तिला पाहून रस्ता बदलत. तिला कामावर घालायला दोन ड्रेस हवे होते. काकू म्हणाल्या, माप आहे वहीत.

"ते आता ढगळ होईल," नर्स म्हणाली. "दिवसभर मी सगळ्यांना हात लावते, काकू. तीन महिन्यांत मला कुणी लावलेला नाही."

समोर वहिनी खिडकीत उभ्या होत्या. काकूंनी तिकडे एकदा पाहिलं, नाकावरचं फडकं सारखं केलं आणि मला गळ्यातून काढलं. नर्सची कंबर चार इंच उतरली होती. त्या दिवशी प्रथमच काकूंनी आकडा वाढवून सांगितला.

चहा निवायच्या आत बातमी गल्लीभर झाली. पुढचे पाच महिने मशीनवर नर्सचे आणि तिच्या मैत्रिणींचे ड्रेस सोडले तर काही चढलं नाही. काकूंनी कुणाला बोल लावला नाही. मशीनला तेल मात्र रोज घालत राहिल्या.

साथ सरली. माझ्या कडा विरल्यात, पहिला इंच झिजून गेलाय. काकू दुसऱ्यापासून मोजतात. गेल्या आठवड्यात वहिनी सहा तयार कपड्यांचं गाठोडं घेऊन आल्या. एकही बसत नव्हता. फोनवरच्या चित्रात छान दिसत होते, म्हणाल्या. माप द्यायला हात वर केले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती नर्स अजून येते का हो?"

"येते. आत्ताच गेली, माप देऊन."

वहिनींचे हात अर्धे खाली आले. त्यांनी गाठोड्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"घ्या," म्हणाल्या.

मी त्यांच्या कमरेभोवती गेले तेव्हा त्यांनी श्वास रोखला होता. पोट आत घ्यायला की माझ्या धास्तीने, ते मला सांगता येणार नाही. पण एवढं ऐका, बायांनो, माप देताना श्वास सोडा. रोखलेल्या श्वासावर घेतलेलं माप घरी पोचेपर्यंतसुद्धा खरं राहत नाही.