इतिवृत्तात नसलेला हात

आमच्या रहिवासी मंडळाची अठ्ठावीस वर्षांची इतिवृत्तं मी लिहिली आणि त्या वह्यांची बांधणीही मीच केली. माझा धंदा बाइंडिंगचा, त्यामुळे मंडळाला चिटणीस मिळाला आणि बाइंडरही, दोन्ही फुकटात. वाचनालयाच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांनी तर कधी काही लिहूनच ठेवलं नाही. म्हणून कॉलेजातल्या प्राध्यापकबाईंनी या भागाचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा त्यांना अख्ख्या परिसरात धड मिळाल्या त्या आमच्याच अकरा वह्या. अशा लहानसहान संस्थांच्या कागदांतूनच खरा इतिहास कळतो, असं बाई म्हणाल्या. मी दोन दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो.

मंडळाची एक रीत सांगायला हवी. आमच्या आधीचं मंडळ भांडणात फुटलं होतं. म्हणून नव्या मंडळातल्या जाणत्यांनी ठरवलं, की खोलीत काय डोकी फोडायची ती फोडा, पण वहीत एकच शब्द जाईल, सर्वानुमते. दिव्याच्या खांबापासून गटाराच्या झाकणापर्यंत प्रत्येक ठराव आम्ही सर्वानुमते मंजूर केला. एकदा दोन सभासद एकमेकांच्या अंगावर धावून गेले, त्यात खुर्ची मोडली, आणि नव्या खुर्चीचा ठरावसुद्धा सर्वानुमतेच झाला. लोक मला चेष्टेने 'सर्वानुमते' म्हणूनच हाक मारायचे. मला त्याचं वाईट वाटत नसे, उलट बरंच वाटे.

गेल्या सोमवारी दुपारी रंगाऱ्याची मुलगी दुकानात आली. दुकान आता पुतण्या बघतो, मी आपला वेळ जावा म्हणून बसतो. तिला मी फ्रॉकमध्ये पाहिलेली. आता ती स्वतः नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेली, केस पांढरे. तिने नाव सांगितल्यावर ओळख पटली. बाईंच्या येऊ घातलेल्या पुस्तकात नदीकाठच्या गल्लीवर एक प्रकरण आहे, असं तिच्या कानावर आलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी ट्रकच्या रस्त्यासाठी ती गल्ली पाडली, चाळीस घरं उठली, आणि त्याला मंडळाने संमती दिली होती. तिचे वडील मंडळावर त्या गल्लीचे प्रतिनिधी होते. बाईंनी आमच्या ठरावाच्या आधाराने लिहिलं होतं, की खुद्द गल्लीच्या प्रतिनिधीनेही होकार दिला.

"काका, जे झालं ते झालं," ती म्हणाली. "बाबांनी हो म्हटलं, ते मी नाकारत नाही. फक्त त्यांचा उल्लेख गाळायला सांगा. पुस्तक घरोघर जाणार, आणि आई अजून आहे."

उल्लेख गाळणं सोपं होतं. बाईंना एक फोन केला की काम झालं असतं. मी हो म्हणूनही गेलो. मग ती उठली, माझे आभार मानायला लागली, आणि ते आभार काही माझ्या घशाखाली उतरेनात. मी तिला परत बसवलं.

त्या सभेला आम्ही सतरा जण होतो. अध्यक्ष होते औषधवाले, गोड बोलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. रस्ता तर होणारच आहे, आपण एकमुखाने हो म्हटलं तर सरकारी कचेरी निदान जवळपास घरं देईल, असं त्यांनी समजावलं. हात वर झाले. मग विरोधात कोण, असं त्यांनी विचारलं, ते विचारायचं म्हणून. रंगाऱ्याने हात वर केला. कापडाच्या रंगात बुडून कोपरापर्यंत निळा झालेला हात, दिसला नाही म्हणायची सोयच नव्हती. बराच वेळ त्याने तो खाली घेतला नाही. कोणीतरी खोकलं, कोणी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मग तो माझ्याकडे वळला.

"चिटणीस, माझा विरोध लिहा," तो म्हणाला. "बाकी काही मागत नाही."

लिहितो म्हणालो. घरी येऊन वही उघडली आणि रीतीप्रमाणे लिहिलं. माझ्यावर कोणी दबाव आणला नव्हता. एक वेगळी ओळ घातली तर पान बिघडेल, असं मला वाटलं होतं. सुबक अक्षराचा मला फार अभिमान. हे सांगताना आज लाज वाटते.

पुढच्या सभेत आधीचं इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं. मी वाचलं. रंगारी ऐकत होता. तो उठून बोलला असता तर मी तिथल्या तिथे दुरुस्ती केली असती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. तो बोलला नाही. चपला घालून निघून गेला आणि पुन्हा मंडळात आला नाही. ठरावाची प्रत कचेरीने गल्लीच्या भिंतीवर चिकटवली.

हे सगळं मी तिला सांगितलं. मला वाटलं होतं, ऐकून पोरीचा जीव भांड्यात पडेल. ती काउंटरवर पडलेला वह्या शिवायचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली.

"त्यांनी घरी सांगितलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. एकटा मीच नाही म्हणालो, म्हणून. मग भिंतीवर कागद लागला. आई म्हणाली, शिक्क्याचा कागद खोटं बोलेल का. शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं, तेही एक वेळ समजू शकते. पण नव्या घरात बावीस वर्षं आई त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. शेवटी माझ्याच वॉर्डात होते. पुन्हा तेच सांगायला लागले, तर मी म्हणाले, बाबा, आता तरी खरं बोला."

आजच्या आज प्राध्यापकबाईंना सहीनिशी लिहून देतो, असं मी म्हणालो. त्या खोलीतल्या सतरा जणांत मी एकटाच उरलो आहे, म्हणजे साक्षही माझीच. लिहा, लिहायलाच हवं, असं ती म्हणाली. पर्स उचलून दारापर्यंत गेली आणि थांबली.

"आईला सांगू की नको, तेवढं सांगा," ती म्हणाली. "बाबा गेले तेव्हा ती रडली नाही. आता पंच्याऐंशी वर्षांची आहे. हे कळल्यावर रडायला लागली, तर मी तिला काय सांगून गप्प करू?"

ती गेल्यावर मी कोरा कागद पुढे ओढला आणि पहिली ओळ लिहिली, विरोधात एक हात होता.