ताटातली रेघ

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता सरजाबाई वजनाच्या काट्यावर चढली आणि काटा मागच्या खेपेच्या पुढे जाऊन थांबला.

तारामतीबाई वाकल्या. डोळे जवळ नेऊन त्यांनी पुन्हा पाहिलं.

"उतर. परत चढ."

सरजाबाई उतरली, परत चढली. काटा तिथंच थांबला.

मागं रांगेत पाझर तलावाच्या कामावरच्या बाया टोपल्या उपड्या घालून बसल्या होत्या. एकूणएक बाईचं वजन उतरलं होतं. जिल्हा नवा झाला होता. लातूरला नव्या कचेऱ्यांच्या भिंतींना अजून चुन्याचा वास येत होता आणि इकडे चाकूरच्या बाजूला विहिरींचे तळ उघडे पडले होते. एका संस्थेनं कामावरच्या बायांना रोज गव्हाच्या पिठाची, शेंगदाण्याची अन् गुळाची सुकडी चालू केली होती. ती अंगी लागते का, हे पाहायला कंधारच्या तारामतीबाईंना नेमलं होतं. आणि ती सुकडी लिंबाखालच्या कढईत भाजायचं काम सरजाबाईकडे होतं.

"हे बघा," तारामतीबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "खाल्लेल्या घासाच्या कॅलरी होतात. टोपली उचलली की त्या खर्च होतात. उरल्या तर वजन वाढतं, कमी पडल्या तर उतरतं. यात तिसरं काही नसतं."

"मंग हिच्या उरल्या म्हणायच्या," रांगेतून कुणीतरी म्हणालं. बाया हसल्या.

"कढईपाशी कोन असतंय दिवसभर?"

हे भामाबाई बोलली. भामाबाई सरजाबाईची धाकटी जाऊ. तिनं ते कुणाकडे बघून म्हटलं नव्हतं, पण सगळ्यांनी ऐकलं. मुकादम रामकिशननं तर ते उचलूनच धरलं.

"घरचाच माणूस सांगून राहिला, बाई! कढई चाटून चाटून टुम्म झालीस की गं, सरजाबाई."

"माझ्या वाट्याबाहेर मी सुकडी खाल्ली न्हाई."

"मंग वाऱ्यानं फुगलीस?"

सरजाबाईनं जावेकडे एकदा पाहिलं आणि ती काट्यावरून उतरली. तारामतीबाईंनी हसणाऱ्यांना गप्प केलं, पण सरजाबाईचं म्हणणं मानलं नाही. त्यांचा काट्यावर विश्वास होता. लहानपणी धान्य मोजून देणाऱ्याचा हात त्यांच्या घरापाशी आला की आखडायचा. काटा कुणाचं आडनाव विचारत नाही, हे त्या कामावर आल्यापासून सांगत आल्या होत्या. त्याच दिवशी सरजाबाई टोपलीवर गेली आणि कढई भामाबाईकडे आली.

भामाबाईला सावली हवी होती, ती मिळाली. पाणी मात्र लांबून आणावं लागे. घागर डोक्यावर घेऊन चढण चढताना दम लागायचा. दुपारी सुकडी वाटून झाली की कढईच्या तळाला खरवड उरायची, काळपट, गुळानं चिकटलेली. पहिल्या दिवशी तिनं ती उलथन्यानं सोडवली आणि रांगेकडे पाठ करून उभ्यानंच खाल्ली. नाहीतरी घासून मातीतच जाणार होती. दुसऱ्या दिवशी हे कारण तिला लागलं नाही.

घरी सासू नागुबाई होती. दोघींचे नवरे ऊस तोडायला कर्नाटकात गेलेले. त्या घरात जावा-जावा एका ताटात जेवायच्या. भामाबाई लग्न होऊन आली त्या दिवसापासूनचा रिवाज होता तो. त्या सोमवारी दिवस बुडताना सरजाबाईनं वेगळी ताटली घेतली. नागुबाईनं ती तिच्या हातून ओढून घेतली.

"ताटं वेगळी झाली की चुली वेगळ्या होत्यात. माझे पोरं येईस्तोवर हे चालायचं न्हाई. बसा."

दोघी बसल्या. ताटात हायब्रीड ज्वारीची एक भाकर आणि घट्ट पिठलं होतं. भामाबाईनं पिठल्यात मधोमध बोटानं रेघ ओढली आणि भाकर मोडली.

"हे तुझं. हे माझं. उगं पुन्हा काटा चढला तर माझं नाव नगं."

"वड की रेघ," सरजाबाई म्हणाली. "भित्ताड बी घाल."

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. रेघ मात्र रोज पडत होती. भामाबाई जावेच्या अर्ध्या भाकरीवर नजर ठेवून जेवायची. तिनं डबे पाहिले, उतरंडीतलं एकेक गाडगं हुंगलं, सरजाबाई शेजारी जाते का तेही पाहिलं. काही सापडत नव्हतं, आणि सापडत नव्हतं म्हणून तिचा राग वाढत होता. एवढी भरलेली बाई, आणि टोपली उचलताना धापा टाकायची. सोंग, भामाबाईला वाटायचं.

रविवारी काम बंद. सरजाबाई पाय लांब करून उंबऱ्यापाशी बसली होती. पायातली जोडवी बोटांत रुतून दिसेनाशी झाली होती.

"माज हाय माज," नागुबाई म्हणाली. "दुष्काळात कुनाचे पाय असे भरत्यात? भामे, काढ ती जोडवी. बोट सडंल तिचं."

"मी?"

"मंग काय मुकादमाला बोलवू?"

भामाबाई तेलाचं बोट घेऊन बसली. सरजाबाईनं तोंड फिरवलं. जोडवं हलेना. जोर लागावा म्हणून भामाबाईनं दुसऱ्या हातानं घोट्याच्या वर पाय दाबून धरला, आणि हात काढला तेव्हा तिथं तिचा अंगठा उमटलेला होता. ओल्या मातीत उमटावा तसा खड्डा. ती बघत राहिली. खड्डा भरेना. तिनं शेजारी पुन्हा दाबलं. तिथंही तसाच.

"दुखतंय का गं, आक्का?"

"तुला काय करायचंय?"

मग भामाबाईनं आपली नडगी दाबून पाहिली. हाडच लागलं.

सोमवारी पुन्हा काटा मांडला. भामाबाईचं वजन उतरलं होतं. तारामतीबाईंनी तिला काट्यावरून उतरू दिलं नाही, रांगेकडे वळून म्हणाल्या, "पाहिलंत? ही रोज कढईपाशी असते. काटा काय सांगतो? हाताची स्वच्छ आहे."

खरवडीची चव भामाबाईच्या जिभेवर आली. ती खाली बघत काट्यावरून उतरली.

मग सरजाबाई चढली. काटा पुन्हा पुढे गेला होता.

बाया हसल्या नाहीत या वेळी. "कढई गेली तरी चरतीच हाय," एकजण म्हणाली आणि थुंकली. रामकिशन म्हणाला, "बाई, हिची सुकडी बंद करा. ज्याला कमी हाय त्याच्या पोटात जाऊ द्या."

तारामतीबाईंनी कानामागची पेन्सिल काढली. "सरजाबाई, घरी काय खातेस?"

"जे हाय ते."

"तसं नको. भामाबाई, तू एका घरात आहेस. तू सांग. ही घरी काय खाते?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. सरजाबाई तेवढी खाली बघत होती, आपल्या पायांकडे.

"एका ताटात जेवतो आमी, बाई," भामाबाई म्हणाली.

"मग?"

"मंग काय. मधी रेघ वडते मी. निम्मी भाकर तिची, निम्मी माझी. तिच्याकडून माझ्याकडं येती कधीमधी. माझ्याकडून तिकडं न्हाई गेली."

"आणि बाकी काही?"

"तिला बाकी काई न्हाई."

तारामतीबाईंनी काट्याकडे पाहिलं, मग दोघींकडे. "असं होत नाही," त्या म्हणाल्या. पण आवाज नेहमीसारखा लांबवर गेला नाही.

"पाय दाबून बघा तिचा," भामाबाई म्हणाली.

रामकिशन हसला. "आता पाय दाबा म्हनती! सासू झाली का ती बाईंची?"

तारामतीबाई हसल्या नाहीत. पेन्सिल हातात तशीच ठेवून त्या वाकल्या. अंगठ्याचा खड्डा भरेना तेव्हा म्हणाल्या, "ही सूज आहे. अंगात पाणी भरलंय."

दुपारपर्यंत चाकूरच्या डॉक्टरला निरोप गेला होता. तो आला नव्हता. सरजाबाईची सुकडी बंद झाली नव्हती आणि तिला ती दिलीही गेली नव्हती. ती टोपली उपडी घालून तिच्यावर बसली होती. बाकीची रांग संपली. भामाबाई कढईपाशी उलथनं घेऊन उभी होती. तळाची खरवड तिनं काढली नव्हती.