बी-सतराची जागा

गाडी विकली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या पार्किंगमध्ये माझा नवरा उभा राहतो.

सोसायटीचा नियमच आहे, गाडी नसलेल्याची जागा घटकाभर जरी रिकामी दिसली की दुसऱ्याला जाते. गाडी विकायची अक्कल सुमेधचीच. "आता कोण गाडी बाळगतं? बटण दाबलं की दारात कॅब!" तीन महिने जेवताना हेच. जागा मात्र साहेबांना सोडवेना. म्हणून बी-सतराच्या पिवळ्या पट्ट्यांच्या मधोमध तो उभा राहतो. ऑफिसचे कॉल तिथूनच घेतो.

आठवड्यात त्याच्यावर धूळ बसली. मग खांद्यावर मांजर झोपायला लागलं, ऊब असते म्हणून. गाड्या धुणारे बसवराजअण्णा रोज सकाळी त्यालाही ओल्या फडक्यानं पुसतात आणि झालं की त्याचे दोन्ही हात वर करून ठेवतात, बाकीच्या गाड्यांचे वायपर ठेवतात तसे. पुसून झाल्याची खूण.

"ट्रिप सुरू होईपर्यंत हात खाली येत नाहीत," सुमेध म्हणाला. जणू बढतीच मिळालीय.

मंगळवारी आमच्या लेकीला, मनवाला ताप चढला. एकशे तीन. मागच्या खेपेला एकशे चारला तिनं डोळे फिरवले होते, त्यामुळे मी थर्मामीटर खाली ठेवतच नाही. डॉक्टर चांदोरकर अकराला निघतात. सव्वादहाला तिला खांद्यावर टाकून मी खाली आले आणि बटण दाबलं.

"ड्रॉप कुठंय मॅडम?"

"चांदोरकर हॉस्पिटल. मुलीला ताप..."

रद्द. सोसायटीचं फाटक थोडं मागे सरकलं.

"ऑनलाइन का कॅश?"

"कॅश देते. या ना लवकर."

रद्द. सहाव्या कॅबनंतर फाटकावरचा वॉचमन मुंगीएवढा दिसत होता.

सातवी मिळाली. शून्य मिनिटांवर. चालक सुमेध, रेटिंग चार पूर्णांक नऊ. मी दीडसुद्धा दिले नसते. मी मागे वळले.

"ओटीपी?" त्यानं विचारलं.

"अरे, पोर भाजतीय!"

"ओटीपीशिवाय ट्रिप सुरू होत नाही गं. माझ्या हातात आहे का ते?"

मी आकडे सांगितले. त्याचे हात खाली आले. त्यानं मनवाला घेतलं. मी पाऊल उचललं.

"तू कुठे निघालीस? जागा कोण धरणार? पानसे काका बघतायत."

सोसायटीचे सेक्रेटरी पानसे काका खरंच खांबाशी उभे होते, घड्याळ बघत.

"मसणात जाऊ दे ती जागा!"

"मग ट्रिप रद्द होईल," तो म्हणाला.

दहा चाळीस झाले होते. मनवाचे ओठ सुकले होते. मी पट्ट्यांच्या आत उभी राहिले.

तो निघाला. फाटक त्याच्यासाठी मुकाट जवळ आलं. वळताना त्यानं डावा हात दाखवला. हॉस्पिटल उजवीकडे आहे. मी हाक मारली, तर नुसता हॉर्न वाजला. फोनच्या नकाशावर तो इवलासा चालला होता. पोचायला सात मिनिटं. नऊ. चौदा.

बसवराजअण्णा बादली घेऊन आले.

"नवीन आली वाटतं?"

"छे! सेकंडहँड," पानसे काका म्हणाले.

ओलं फडकं माझ्या तोंडावरून फिरलं. मग अण्णांनी माझे दोन्ही हात वर करून ठेवले आणि ते पुढच्या गाडीकडे गेले.

उजव्या मुठीत, डोक्याच्या वर, फोन टिंग वाजला. ट्रिप संपल्याचा आवाज. कुठे संपली, ते त्यावर लिहिलेलं असणार.