तिसरा फोन

'रद्द' हा शब्द कारकुनाच्या तोंडात इतका बसला होता, की घरी चहा नको असला तरी तो "रद्द" म्हणायचा. ताई हसायची. हल्ली हसतानाही तिला धाप लागायची.

हॉस्पिटलात हृदयाच्या ऑपरेशनच्या तारखांचं रजिस्टर त्याच्याकडे होतं. नियम साधा. आदल्या दिवशी पेशंटला तीन फोन करायचे: सकाळी, दुपारी, संध्याकाळी. तिन्ही कुणी उचलले नाहीत, तर नावावर लाल रेघ, पुढे 'रद्द', आणि तारीख खालच्या नावाला. पंधरा वर्षांत त्यानं हा नियम वाकवला नव्हता. कुणी वशिला घेऊन आलंच, तर वस्सकन अंगावर जायचा.

त्या दिवशी वरचं नाव एका म्हाताऱ्या घड्याळजीचं होतं आणि खालचं ताईचं. सकाळचा फोन कुणी उचलला नाही. दुपारचाही नाही. संध्याकाळी पाचला त्यानं रिसीव्हरवर हात ठेवला आणि तसाच बसून राहिला. मग तिसऱ्या रकान्यात 'उचलला नाही' असं लिहून लाल पेन काढलं. रेघ सरळ आली.

दुसऱ्या दिवशी ताईला आत नेलं, आणि तासाभरात घड्याळजी खिडकीशी हजर. गुळगुळीत दाढी, हातात कपड्यांची पिशवी.

"काका, तुमचं नाव रद्द झालं. फोन उचलला नाहीत तुम्ही."

"फोन लेकीकडे विसरलो होतो हो. ती कामावर. चारला जाऊन घेऊन आलो, तेव्हापासून उशाशी घेऊन बसलोय. वाजलाच नाही."

कारकुनानं खरं सांगायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते भलतंच. "लागला नसेल कदाचित."

"असेल, असेल. तुमचा काय दोष? माझ्या जागी कोण गेलं?"

"एक बाई आहेत. पदरात दोन लहान मुलं आहेत."

"मग बरंच झालं," म्हातारा म्हणाला आणि ते अगदी मनापासून म्हणाला. "माझी पुढची तारीख?"

"चार महिन्यांनी."

घड्याळजीनं पिशवी काखेत मारली आणि तो जिन्याच्या कठड्याला धरत, दर पायरीवर थांबत खाली गेला. कारकून खिडकीतून बघत राहिला. त्याला स्वतःची किळस आली.

ताई वाचली. चार महिन्यांनी कारकुनानं सकाळी फोन लावला, दुपारी लावला. पाचाच्या ठोक्याला तिसरा. तो लेकीनं उचलला.

"बाबा गेले हो, मागच्या महिन्यात. तुमचा फोन येईल म्हणून शेवटपर्यंत उशाशी ठेवला होता त्यांनी. नाव रद्द करून टाका."

तो घरी आला तेव्हा ताई ओट्याशी उभी होती.

"चहा टाकू?"

"नको."

"का रे, आज रद्द नाही वाटतं?" ताई खळखळून हसली. धाप लागली नाही तिला.