वरची आळी, खालचा बाजार आणि मी

मित्रांनो, ज्याला तुम्ही नुसती वाट समजून धावत उतरता, तो जुना दगडी जिना मी आहे. मुले माझ्या पायऱ्या मोजत चढतात, पण त्यांची मोजणी कधी जुळत नाही. कुणी एकशे दहा म्हणते, कुणी एकशे चौदा, आणि मग वर पोहोचल्यावर भांडण होते. मी एकशे बारा पायऱ्यांचा आहे. पण मी ते कुणाला सांगत नाही. भांडायला म्हणून तरी मुले पुन्हा खाली येतात आणि पहिल्यापासून मोजू लागतात.

जिना होण्याआधी मी खाणीत होतो. जाग आल्यावर स्वप्नाचे एखादे टोक हाती राहावे, तेवढेच मला त्यातले आठवते. काळोख, गारवा आणि फार खोल कुठेतरी सावकाश चाललेले पाणी. मग सुरुंगाचा आवाज झाला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ऊन पाहिले. दगडाला ऊन काय वाटते म्हणून सांगू? इतकी वर्षे झाली, पण सकाळचे ऊन वरच्या पायरीवरून एकेक पायरी खाली उतरू लागले की मला अजून नवलच वाटते.

मी ज्या टेकडीवर आहे तिच्या माथ्यावर वरची आळी आहे आणि पायथ्याशी खालचा बाजार. पूर्वी या दोहोंच्या मध्ये मातीची एक घसरण होती. माणसे झाडांची मुळे धरून ती चढत-उतरत. एका वर्षी सलग नऊ दिवस पाऊस लागला आणि ती घसरण वाहून गेली. वरची आळी वर राहिली, खालचा बाजार खाली. मध्ये नुसता चिखल. एकीकडून दुसरीकडे जायचे तर टेकडीला मोठा वळसा घालावा लागे. म्हणून नगरपालिकेने तिथे जिना बांधायचे ठरवले आणि माझे दगड पायथ्याशी आणून टाकले.

कचेरीत तेव्हा एक तरुण वास्तुकार बाई नव्याने लागल्या होत्या. हातात सदा टेप, म्हणून लोक त्यांना मापवाली बाई म्हणू लागले. चिखल जरा सुकल्यावर त्यावर तात्पुरती बांबूची वाट केली होती. तिच्या शेजारी बाईंनी एक स्टूल टाकले आणि अकरा दिवस त्या तिथे बसून राहिल्या.

एका भाजीवाल्याने विचारले, "बाई, रोज कुणाची वाट बघताय?"

"तुमचीच," बाई म्हणाल्या. "तुम्ही टोपली कुठे टेकवता ते बघतेय."

चढताना माणूस कुठे थांबतो, कुठे कंबरेवर हात ठेवतो, कुठे मागे वळून पाहतो, ते सगळे त्यांनी वहीत टिपले. खाली माणूस ताजातवाना असतो, वर जाता जाता दमतो. म्हणून त्यांनी माझे विसाव्याचे पाच टप्पे आखले ते असे, की वर जावे तसतसे ते जवळजवळ येत गेले. तिसरा टप्पा सर्वांत रुंद. तिथे एका मोठ्या झाडाची सावली होती, आणि तिथून सगळे गाव खाली पसरलेले दिसे. त्या टप्प्याला त्यांनी बसायला लांबलचक दगडी कट्टा दिला.

कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी नकाशा पाहिला आणि कपाळावर हात मारला. त्यांच्या नकाशात जिना पट्टीने आखल्यासारखा सरळ होता.

"अहो बाई, जिना चढायला असतो. बसायला लोकांची घरं आहेत ना!"

"घर वर आहे साहेब, आणि दम मध्येच लागतो."

साहेबांनी नकाशावर सही केली. मग म्हणाले, "बांधा. पण रिकामटेकडे येऊन बसले, तर मला सांगायला येऊ नका."

मला घडवणारा पाथरवट अबोल माणूस होता. प्रत्येक पायरी बसवली की तो तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायचा. पाणी पुढे पळाले तर ठीक. जागीच रेंगाळले, तर तो दगड उचलून पुन्हा बसवायचा. "पाणी थांबलं की शेवाळ धरतं," तो म्हणायचा, "आणि शेवाळ धरलं की कुणाचं तरी कंबरडं मोडतं." शेवटची पायरी बसली त्या दिवशी त्याने वहाणा काढल्या, डोळे मिटले, आणि तळापासून माथ्यापर्यंत तो चढून गेला. एकही पायरी बोटभर उंच निघाली असती, तर त्याचा पाय फसला असता. पाय फसला नाही. वर पोहोचून त्याने डोळे उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदाच गाव दिसावे तसा तो खाली पाहत राहिला.

मग माझे चांगले दिवस सुरू झाले. पहाटे दूधवाले, मग शाळेची मुले, मग कामावर जाणाऱ्या बाया. पावलांवरून मी माणसे ओळखू लागलो. दुपारी सगळे शांत झाले, की मला पेंग येई. पेंगेत मला वाटे की मी दगडाचा नाहीच, मी संथ वाहणारा पाण्याचा ओहोळ आहे आणि ही सगळी माणसे माझ्यावरून होड्यांसारखी तरंगत चालली आहेत. मग कुणाची तरी काठी टक्कन वाजे आणि मी पुन्हा दगड होई.

तिसऱ्या टप्प्यावर येणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. थोरली खालच्या बाजारात शिवणकाम करायची. धाकटी वरच्या आळीत राहायची. त्यांची आई थोरलीच्या घरी असे. घसरण वाहून गेली त्याच दिवसांत आईचा श्वास लागला. सकाळी निरोप पाठवला, पण धाकटी येऊन पोहोचली ती दिवेलागणीला. तोवर आई गेली होती. थोरली दारातच म्हणाली, "आता कशाला आलीस?" एवढ्या एका वाक्याने दोघींचे येणे-जाणे तुटले. एकमेकींच्या घराची पायरी चढायची नाही, असे दोघींनीही ठरवून टाकले.

पण मित्रांनो, माझ्या पायऱ्या कुणाच्याच घराच्या नव्हत्या. इथे येण्यात कुणाची हार नव्हती. मी बांधून झालो त्यानंतरच्या वर्षी एका दुपारी थोरली शिवलेल्या कपड्यांची पिशवी पोहोचवायला चढत होती आणि धाकटी उतरत होती. दोघी तिसऱ्या टप्प्यावर समोरासमोर आल्या. दोघींनाही दम लागला होता, किंवा तसे त्यांनी दाखवले. कट्ट्याच्या एका टोकाला एक बसली, दुसऱ्या टोकाला दुसरी.

बऱ्याच वेळाने धाकटी झाडाकडे पाहत म्हणाली, "ऊन फार आहे."

थोरली म्हणाली, "आहे खरं."

त्या दिवशी एवढेच बोलणे झाले. पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दोघी पुन्हा आल्या. मग आठवड्यातून दोन-तीनदा येऊ लागल्या. वर्षे गेली तसे त्यांच्यातले अंतर हाताहाताने कमी झाले. मुलांची लग्ने, गुडघे, बिघडलेले शिवणयंत्र, सगळ्यावर त्या बोलत. फक्त आईचा विषय कुणी काढत नसे. तो विषय त्यांच्या मधल्या हातभर जागेत, तिसऱ्या माणसासारखा, मुकाट बसून असे.

हळूहळू गावात गाड्या वाढल्या. लोक वळशाच्या रस्त्याने भुर्रकन जाऊ लागले. माझी गटारे तुंबली, सांध्यांत गवत आले, दिवे फुटले ते फुटलेच. टवाळ पोरे बसतात म्हणून कुणीतरी कट्ट्यावर लोखंडी दांडे ठोकून टाकले. पोरे गेलीच, भाजीवालेही गेले. दोघी बहिणी मात्र पदराने पायरी झटकून तिच्यावर बसू लागल्या. शेवटी एक दिवस माझ्या दोन्ही तोंडांना पत्रे लावले गेले. 'जिना धोकादायक आहे. वापर बंद.' मला पाडून तिथे गाड्या लावायची मजल्यामजल्यांची इमारत उठणार होती.

ते महिने फार विचित्र गेले. पावले नव्हती. मी दिवसाही झोपू लागलो आणि झोपेत पुन्हा खाणीत जाऊ लागलो. काळोख, गारवा, खोलवर चाललेले पाणी. परत खडक व्हायला किती सोपे आहे, असे मला वाटू लागले होते.

एका सकाळी पत्रे खडखडले. कचेरीचे नवे साहेब मोजमाप घ्यायला आले होते. पाडण्याआधी लोकांचे म्हणणे ऐकायचा नियम होता, म्हणून त्यांनी लोकांना तिसऱ्या टप्प्यावरच बोलावले होते. वीस-पंचवीस माणसे जमली. त्यांत काठी टेकत एक पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. पाऊल पडताच मी ओळखले. मापवाली बाई! पण बाकी कुणीच त्यांना ओळखले नाही.

कुणी म्हणाले, गाड्या लावायला जागा हवीच. कुणी म्हणाले, जिना आमच्या आठवणीचा आहे. साहेब दोघांचेही लिहून घेत होते. तेवढ्यात थोरली उभी राहिली. तिला चारचौघांत बोलायची सवय नव्हती.

"मला इमारतीतलं काही कळत नाही," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात माझी बहीण घरात चक्कर येऊन पडली. शेजारणीचा फोन आला. जिना बंद. रिक्षा केली, तर वळणावर मालट्रक आडवा पडलेला. मग चालत निघाले. रस्त्याला कडेने चालायची जागाच नाही. गाड्या अंगावर येतात. मध्ये दोनदा बसले, रडले. तीन तास लागले मला."

ती थांबली. मग साहेबांकडे न पाहता तिने बहिणीकडे पाहिले. धाकटी आपल्या लेकीच्या आधाराने टप्प्याखालच्या पायरीवर बसली होती.

"आई गेली तेव्हा तू याच वळशाच्या वाटेनं आली होतीस ना गं? तेव्हा तर धड रस्ताही नव्हता. भर पावसात. आणि ही लेक कडेवर होती तुझ्या. मी म्हटलं, तुला यायचंच नव्हतं. इतकी वर्षं मी तेच म्हणत राहिले. कधी ती वाट चालून बघितली नाही मी."

धाकटीने नुसती आपल्या शेजारची पायरी हाताने झटकली आणि म्हणाली, "ताई, बस आधी. पाय दुखत असतील तुझे."

थोरली तिला अगदी खेटून बसली. साहेबांनी वही मिटली.

मग मापवाल्या बाईंनी आपण कोण ते सांगितले आणि मला पाडू नका अशी विनंती केली. साहेब वाईट माणूस नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमचा जिना सुंदर आहे. पण माझी आई सहा वर्षं चाकाच्या खुर्चीत आहे. आम्ही वरच्या आळीत राहतो, आणि गाडीत बसणं तिला झेपत नाही. एवढ्या वर्षांत ती एकदाही खाली आलेली नाही. तिच्या दृष्टीनं हा जिना म्हणजे एक भिंत आहे."

बाई काठी टेकत एक पाऊल पुढे आल्या. मला वाटले, त्या आता वाद घालतील. पण त्यांनी माझ्या पायऱ्यांवरून खालपर्यंत नजर फिरवली. मग म्हणाल्या, "मी अकरा दिवस इथं बसले होते. दमून थांबणारा प्रत्येक माणूस मी वहीत टिपला. पण जी माणसं इथवर येऊच शकत नव्हती, ती मला दिसलीच नाहीत. ती चूक माझी आहे."

साहेबांना हे अपेक्षित नव्हते. त्यांनी वही उघडली आणि कोरे पान बाईंपुढे धरले. बाई धाकटीशेजारी पायरीवर बसल्या आणि त्या नि साहेब मिळून रेघा ओढू लागले. माझ्या बाजूच्या पडीक उतारावरून एक रुंद, संथ चढाची वाट नागमोडी न्यायची. प्रत्येक वळण माझ्या एकेका टप्प्याला येऊन मिळेल असे करायचे. म्हणजे चाकांवरचा माणूस आणि पायांवरचा माणूस एकाच कट्ट्यावर विसावा घेईल.

सगळे काही मनासारखे झाले असे मात्र नाही. गाड्यांच्या इमारतीसाठी पायथ्याची थोडी जागा गेली आणि माझ्या मूळच्या एकशे एकवीस पायऱ्यांपैकी खालच्या नऊ उखडल्या. त्या काढताना मला फार दुखले. पण कट्ट्यावरचे लोखंडी दांडे निघाले, गटारे मोकळी झाली, आणि दीड वर्षाने ती संथ वाट तयार झाली.

एका दुपारी मी असाच पेंगत होतो. माझ्या कडेने एक अनोळखी आवाज आला. तो पावलांचा नव्हता. रबराची चाके दगडावरून सावकाश उतरत होती. साहेब खुर्ची धरून मागे चालत होते आणि त्यांची आई खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती. तिसऱ्या टप्प्यावर आल्यावर ती म्हणाली, "थांब रे जरा." दोघी बहिणी सरकून बसल्या. आजींनी खाली पसरलेल्या गावाकडे पाहिले. धुराच्या रेघा, छपरे, वाळत घातलेले कपडे, बाजारातली गर्दी. सगळे उन्हात तरंगत होते.

"ते हिरवं छप्पर कुणाचं गं?" त्यांनी थोरलीला विचारले.

"माझं," थोरली म्हणाली. "या ना एकदा."

मित्रांनो, माझ्या सांध्यांतले गवत उपटा, गटारात कागद टाकू नका, हे तर मी तुम्हाला सांगणारच. पण तुमच्यापैकी कुणी उद्या मोठे होऊन एखादा पूल बांधाल, बाग आखाल, शाळा उभाराल. तेव्हा आलेल्यांची गर्दी पाहून खूश होऊ नका. कोण आले नाही ते विचारा, त्याच्या दारापर्यंत जा, आणि मगच पहिला दगड बसवा.