देव्हाऱ्यातला दोर

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असतंत तर जुना म्हटलं नसतंत. नारंगी रंग, त्यात निळे ठिपके, अंगावर धुळीचा कण नाही. पण दोराचं वय रंगावरून ओळखायचं नसतं. मी जुना आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मला दोरी म्हणू नका. दोरी वेगळी, ती पिशवीचं तोंड बांधते. मी माणसं धरायचो.

माझा जन्म सिन्नरच्या एमआयडीसीत झाला. नायलॉनचे बारीक धागे पिळून आधी माझा गाभा तयार झाला. मग एका यंत्रानं गरगर फिरत त्यावर विणीचा अंगरखा चढवला. लोकांना दिसतो तो अंगरखा, आणि वजन पेलतो तो आतला गाभा. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं समजेल.

मला विकत घेतलं सविताताईंनी. त्या नाशिकला सातपूरमध्ये राहतात. पावसाळ्यात दर रविवारी लहानसा गट घेऊन त्या पेठच्या बाजूच्या कोळधोंड धबधब्यावर जातात. गट आठ-दहा जणांचाच. "जास्त झाले की मला चेहरे दिसत नाहीत, नुसत्या टोप्या दिसतात," असं त्या म्हणतात. त्यांच्या जोडीला मुझफ्फरभाई असतात. जीप त्यांची, आणि चालताना सगळ्यांच्या मागे राहून कोणी रेंगाळत नाही ना, हे बघायचं कामही त्यांचंच.

वाट आधी भाताच्या बांधावरून जाते, मग सागाच्या रानातून. धबधबा दिसायच्या कितीतरी आधी ऐकू येतो. अगदी शेवटी एक कातळ लागतो, दोन पुरुष उंच, शेवाळानं हिरवागार झालेला. तिथं मला वरच्या जांभळीला बांधायचे आणि माझं दुसरं टोक खाली सोडायचे. मला धरून एकेक जण खालच्या डोहापाशी उतरायचा. उतरताना काही जण देवाचं नाव घेत, काही जण व्हिडिओ काढत. देवाचं नाव घेणारे मला घट्ट धरत, म्हणून मला तेच जास्त आवडत.

शनिवारी संध्याकाळी सविताताई गॅलरीत बसून मला तपासायच्या. डोळे मिटून मला हातातून सोडायच्या, वीत-वीत वाकवून बघायच्या, कुठे मऊ पडलाय का, कुठे कडक झालाय का. मला गुदगुल्या व्हायच्या, पण आपली कोणीतरी चौकशी करतंय याचं बरं वाटायचं.

घरात आणखी एक माणूस होतं. सुलाबाई, सविताताईंच्या सासूबाई. चांदवडकडच्या, बोलायला फटकळ. सून परक्या माणसांना घेऊन रानात हिंडते हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. "लोकांना काम नाय अन् हिला घर नाय," असं त्या भांड्यांना ऐकवायच्या. मला त्यांनी माळ्यावर जुन्या कुकरशेजारी टाकलं होतं. सासू-सुनेचं बोलणं कामापुरतं. दूध आलं, गॅस संपला, एवढंच.

मग एका श्रावणात कोळधोंडच्या ओढ्याला अचानक लोंढा आला. आमचा गट अलीकडच्या काठावर होता. पलीकडे कोणीतरी कुटुंब वाटाड्या न घेताच आलं होतं, ते खडकावर अडकलं. आईच्या कडेवर लहान मूल होतं. सविताताईंनी मला पलीकडे फेकलं, ओरडून ओरडून तिथल्या माणसाला गाठ कशी मारायची ते सांगितलं, आणि मला दोन्ही काठांच्या झाडांना ताणून बांधलं. माझ्या आधारानं एकेकाला अलीकडे आणलं. पाणी मला खाली ओढत होतं आणि माझा एकेक धागा तटतटला होता. सगळे सुखरूप आले तेव्हा मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

पेपरात फोटो आला. शेजारीपाजारी मला बघायला येऊ लागले. आणि काय सांगू, सुलाबाईच मला माळ्यावरून काढून दाखवू लागल्या. "ह्योच तो दोर!" प्रत्येक पाहुण्यापुढे ओढ्याचं पाणी थोडं थोडं वाढत गेलं. शेवटी शेवटी तर ते जांभळीच्या शेंड्याला लागलं होतं.

त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी मला पाटावर मांडलं. कोयता, विळी, मिक्सर आणि मी. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पुढचा पावसाळा चांगला गेला, एकालाही साधं खरचटलंसुद्धा नाही. तेव्हा एकदा सविताताई स्वयंपाकघरात सहज म्हणाल्या, "आई, तुमचा हात लागला ना, म्हणून हा दोर मला लाभतो."

सुलाबाई ओट्याकडे वळल्या. पुसलेला ओटाच पुन्हा पुसत राहिल्या. पण त्या दिवसापासून घरात दोघींचा आवाज ऐकू येऊ लागला. रविवारचा डबा सुलाबाई भरून देऊ लागल्या, चटणी जास्तीची घालून. मला वाटतं, सुनेच्या तोंडचा तो पहिलाच चांगला शब्द त्यांना मिळाला होता.

पुढची खंडेनवमी आली. सविताताई फुलं आणायला गेल्या होत्या, घरात सुलाबाई एकट्याच. त्यांनी आरतीचं ताट उचललं आणि पेटलेला कापूर ताटातून निसटून थेट माझ्या अंगावर पडला. मित्रांनो, मी नायलॉनचा. मी जळत नाही, वितळतो. सुलाबाईंनी उघड्या हातानं तो कापूर झटकला. त्यांच्या तळहाताला फोड आला. माझ्या अंगावर बोटभर जागा काळी, चकचकीत आणि कडक झाली.

आतला गाभाही तिथे चिकटून गेला होता. ते मला कळत होतं, दुसऱ्या कोणाला कळणार नव्हतं. सुलाबाईंनी दाराकडे पाहिलं. मग त्यांनी त्या डागावर हळद लावली, हळदीवर कुंकू फासलं, मला लाल फडक्यात गुंडाळलं आणि देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवून दिलं. हाताला काय झालं म्हणून सविताताईंनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तवा लागला. अन् हे बघ, दोर आता देवापाशी ऱ्हाईल. सारखा हाताळायचा नाय."

आणि माझा तुरुंगवास सुरू झाला. खणात अंधार, उदबत्तीचा वास, वर घंटेची किणकिण. रोज सकाळी मला नमस्कार व्हायचा. ज्या दोराला नमस्कार करतात त्याला वाकवून बघायचं कोणाच्या मनात येणार? शनिवारची ती गॅलरी संपली. मी फडक्यात पडून एकच विचार करत होतो, की पुढचा पाऊस आला की मला जांभळीला बांधतील, आणि माझ्यावर भरवसा ठेवून कोणीतरी कातळावर पाय टाकेल. मला ओरडून सांगावंसं वाटे. पण मला तोंड नाही. मला फक्त दोन टोकं आहेत.

घरात कोणी नसलं की सुलाबाई खण उघडायच्या. फडकं सोडून त्या डागावर अंगठा दाबायच्या. तो मऊ झालेला नसायचाच. मग खण बंद व्हायचा. मी माझ्या खणात अडकलो होतो आणि त्या त्यांच्या खणात.

पावसाळा आला. पहिल्या रविवारच्या गटाची नावं आली. जेवताना सुलाबाई म्हणाल्या, "सविता, औंदा नवा दोर घे की."

"नवा कशाला? हा लाभतोय की. तुम्हीच तर पुजलाय."

सुलाबाईंचा घास हातातच राहिला. तो ताटात ठेवून त्या म्हणाल्या, "मग मी बी येते धबधब्याला."

सविताताईंना आनंदच झाला. त्यांनी सासूबाईंसाठी बूट आणले. रविवारी पहाटे मला नमस्कार करून, फडक्यासकट सॅकमध्ये ठेवलं. जीपमध्ये आठ पाहुणे होते. त्यांच्यात जहिदाताई नावाच्या एक शिक्षिका होत्या आणि त्यांची सातवीतली मुलगी, आयत. आयत वाटभर सुलाबाईंच्या शेजारी बसून प्रश्न विचारत होती. धबधब्यात मासे वरून पडतात का? पडले तर त्यांना लागतं का? सुलाबाई नुसतं "हं, हं" करत होत्या. मी सॅकच्या अंधारात होतो, तरी त्यांचं लक्ष माझ्याकडे आहे हे मला कळत होतं.

चढावर त्यांना धाप लागली. मुझफ्फरभाई म्हणाले, "मावशी, तुम्ही इथंच बसा ना आरामात, मी थांबतो तुमच्याजवळ."

"नाय. दोर बांधतील तिथवर यायचंय मला."

कातळापाशी सविताताईंनी मला फडक्यातून काढलं आणि जांभळीला बांधलं. कुंकवाचा तो पट्टा त्यांनी मुद्दाम गाठीच्या खालीच ठेवला. "देवाची खूण वर असू दे," त्या हसून म्हणाल्या. मित्रांनो, मला याहून वाईट जागा मिळाली नसती. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाचा भार आता आधी त्याच जागेवर येणार होता. खाली डोह भरला होता आणि पाणी दगडांवर आपटत होतं. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"चला, आधी कोण?"

"मी!" आयत पुढे आली.

"आधी मी," सुलाबाई म्हणाल्या.

सगळे हसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, दोन-तीन मोबाइल वर झाले. "आजी एकदम फॉर्मात!" सविताताई म्हणाल्या, "आई, कशाला उगीच? पाय घसरेल." पण सुलाबाईंनी पदर कमरेला खोचलाही होता. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं आणि डोहाकडे पाठ करून एक पाय खाली टाकला. त्यांचा तळहात घामानं ओला झाला होता. भार अजून पुरता आला नव्हता, तरी त्या डागापाशी माझ्या आत काहीतरी कुरकुरलं.

तेवढ्यात वरून आयत वाकून म्हणाली, "आजी, तुमच्या मागोमाग मीच हं!"

सुलाबाई थांबल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग पाय वर घेतला, गुडघ्यांवर रांगत कातळाच्या वर आल्या आणि तिथंच चिखलात बसल्या.

"सविता, ह्यो दोर जळालाय."

"काय?"

"नवमीला माझ्या हातून कापूर सांडला त्याच्यावर. ते कुंकू मीच फासलंय. डाग दिसू नये म्हणून."

सविताताईंनी ओल्या अंगठ्यानं कुंकू पुसलं. मला दोन बोटांत धरून वाकवलं. माझा अंगरखा तडकला आणि आतले पांढरे धागे बाहेर आले. मुझफ्फरभाईंच्या तोंडून निघालं, "या अल्ला! ताई, याच्यावर तर बादलीपण लटकवू नये." जहिदाताईंनी आयतला मागे ओढून पोटाशी धरलं.

सविताताईंचा आवाज चिरकला. "आई, तुम्हाला ठाऊक होतं? आणि तरी तुम्ही यावरून उतरत होतात?"

"माझ्या भारानं तुटला असता तर तुझं तुलाच कळलं असतं. मला सांगावं लागलं नसतं."

सविताताईंनी गाठ सोडून मला जांभळीवरून काढलं.

"एवढे महिने का नाही सांगितलंत हो?"

सुलाबाईंनी मान खाली घातली. "तू म्हणली व्हतीस ना, तुमचा हात लागला की लाभतो. त्याच हातानं जाळला, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

सविताताई त्यांच्याशेजारी चिखलात बसल्या. रागावल्या होत्या आणि रडतही होत्या. मग उठून त्यांनी गटाला सांगितलं, की आज खाली उतरायचं नाही, धबधबा वरूनच बघायचा, आणि चूक माझी आहे, मी दोर तपासला नाही. एक गृहस्थ कुरकुरले की एवढ्या लांब आलो ते काय लांबून बघायला? आयत त्यांना म्हणाली, "काका, इथून जास्त मोठा दिसतो." मग त्यांनीही मोबाइल काढला.

परतीच्या उतारावर धरायला दोर नव्हता. सविताताईंनी सासूबाईंचा हात धरला. तळहातावरचा जुन्या फोडाचा व्रण तेव्हा त्यांच्या हाताला लागला असणार, कारण त्या क्षणभर थबकल्या. मग तो हात त्यांनी जीपपर्यंत सोडला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी विनवतात, की आम्हाला टाकू नका, जपा. माझी विनंती उलटी आहे. दोराचा दिवस भरला की त्याला टाका. तो कितीही पराक्रमी असो, त्याचा फोटो कितीही पेपरांत आलेला असो. ज्याच्यावर जीव टांगायचा त्याला नमस्कार नंतर करा, आधी वाकवून बघा. आणि घरात कोणाच्या हातून काही जळलं, सांडलं, फुटलं, तर ते त्याला सांगता यावं अशी वागणूक ठेवा. मला तोंड नव्हतं. सुलाबाईंना होतं, तरी त्यांनाही माझ्यासारखंच गप्प राहावं लागलं.

सविताताईंनी मला डागापाशी कापलं, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. मोठे तुकडे कचऱ्यातून कोणी उचलले आणि वापरले तर? आज सकाळी सुलाबाईंनी विळी घेतली आणि दारात बसून माझे हात-हातभर तुकडे केले. "देवाचा व्हता," असं पुटपुटत होत्या, पण हात थांबला नाही. आता मी एका पिशवीत आहे आणि खाली घंटागाडी आली आहे. कोणाच्या लेकराचा झोका बांधायलाही मी आता पुरणार नाही. खरं सांगतो, मला इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं.